डाव्या करंगळीची शाई

आमच्या खान्देशात जुनी माणसे पोलिओ हा शब्द वापरत नसत. ‘पोरले सुई दिन्ही नि पाय गया’, एवढेच निदान असे. माझ्या थोरल्या चुलतभावाबद्दल घरात हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही सारे त्याला जिभाऊ म्हणतो. १९७१ च्या पावसाळ्यात, तो अडीच वर्षांचा असताना, त्याला ताप आला. सायकलला बॅग अडकवून गावोगाव फिरणाऱ्या एका डॉक्टरने उजव्या कुल्ल्यावर इंजेक्शन दिले. दोन दिवसांत ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी पोराला उजवा पाय उचलता येईना. काकूने त्या डॉक्टरला आयुष्यभर माफ केले नाही. पुढे शिकल्यासवरलेल्या आम्ही मुलांनी तिला समजावून पाहिले की सुईचा काही दोष नसतो, हा विषाणूचा आजार आहे. ती सगळे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, ‘‘तुम्ही व्हतात का तठे?’’

पुष्कळ वर्षांनी मला कळले की काकूचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. १९५० साली ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने पोलिओ झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. आजारापूर्वीच्या महिनाभरात ज्यांना कुठलीतरी लस टोचलेली होती, त्यांच्यात लुळेपणा बहुधा टोचलेल्याच हातात किंवा पायात आलेला त्यांना आढळला. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि आतड्यात वाढतो. बाधा झालेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. परंतु विषाणू शरीरात असताना नेमकी स्नायूत सुई टोचली गेली, तर त्या स्नायूच्या मज्जातंतूवाटे मज्जारज्जूपर्यंत जायला त्याला वाट मिळू शकते. साध्या तापाला इंजेक्शन देण्याची आपल्याकडे जी सवय होती (ती गेली आहे असे मी म्हणणार नाही), तिने किती मुलांचे पाय गेले असतील कुणास ठाऊक. जिभाऊच्या पायाचे नेमके काय झाले ते आता सिद्ध करता येणार नाही. पण ‘सुईने पाय गेला’ हे वाक्य अंधश्रद्धेचे नव्हते, ते डोळ्यांनी पाहिलेले होते. पुढे सरकारी माणसे लस घेऊन दारात आली तेव्हा लोक बिचकले, आणि ते बिचकणे अडाणीपणाच्या खात्यात टाकले गेले. म्हणून हे आधी सांगितले.

मी नंदुरबारात इतिहास शिकवतो. १९९५ साली कॉलेजात नवा होतो आणि नव्या प्राध्यापकाच्या गळ्यात राष्ट्रीय सेवा योजना मारण्याची रीत तेव्हाही होती. त्यामुळे पल्स पोलिओच्या पहिल्या दिवसापासून मुलांना घेऊन मी बूथवर उभा राहिलो आणि गावातल्या रोटरीवाल्यांशी संबंध आला. मी रोटरीचा सदस्य कधीच नव्हतो. हा लेख त्या पंचवीस-तीस वर्षांचा आहे: पोलिओ आमच्या भागातून कसा गेला आणि त्यात एका सेवाभावी क्लबचा वाटा नेमका कशात होता.

तालुक्याच्या गावात रोटरी म्हणजे काय, हे वाचकांना ठाऊक असेलच. डॉक्टर, वकील, सराफ, जिनिंगवाले, कापडवाले आणि आमच्याकडे मिरचीचे व्यापारी. आठवड्याची सभा, टेबलावर घंटा, जुलैत पदग्रहण, मग जेवण. समोरच्या बाजूला लायन्स. लायन्सवाले डोळ्यांचे, रोटरीवाले पोलिओचे, अशी लोकांनी वाटणी करून टाकलेली. ‘जेवणावळींचा क्लब’ म्हणून आम्ही कॉलेजातली मंडळी टिंगल करत असू, आणि ती सगळी काही अनाठायी नव्हती.

पण पोलिओ आणि रोटरी यांची गाठ कशी पडली, ही गोष्ट त्या टिंगलीपेक्षा मोठी आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केलेली ही संघटना पाऊण शतक स्थानिक कामांतच रमलेली होती. सारे जग मिळून एकच काम उचलायचे, ही कल्पना १९७८-७९ चे अध्यक्ष, ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनूफ यांची. देवीच्या उच्चाटनाविषयी त्यांनी एका मासिकात वाचले आणि असा दुसरा कुठला आजार घालवता येईल, असे त्यांनी जॉन सेव्हर या रोटेरियन डॉक्टरला विचारले. उत्तर आले: पोलिओ. २९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपाईन्समध्ये मनिलाजवळ पहिले थेंब पाजले गेले. तिथल्या साठ लाख मुलांसाठी पाच वर्षांची ती योजना होती. १९८५ मध्ये रोटरीने ‘पोलिओप्लस’ जाहीर केले आणि १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले. १९८८ मध्ये मोजले तर जमा झाले होते २४ कोटी ७० लाख. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत पोलिओ घालवण्याचा ठराव केला. तेव्हा सव्वाशे देशांत हा आजार होता आणि दरसाल सुमारे साडेतीन लाख मुले लुळी होत होती.

यात एक गोष्ट माझ्या मते महत्त्वाची आहे. जमलेल्या पैशापेक्षा क्लबांचे जाळे मोलाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेचा अधिकारी देशाच्या राजधानीत बसतो. रोटरीचा माणूस नंदुरबारला मिरची विकतो.

भारतात पोलिओची लस १९७९ पासून सरकारी लसीकरणात होती, १९८५ पासून कार्यक्रम आणखी वाढला. तरीही दरसाल किती मुले लुळी होतात याचे अंदाज पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत सांगितले जात. एवढी तफावत असण्याचे कारण साधे आहे. लंगडणारे मूल मरत नाही, म्हणून ते मृत्यूच्या नोंदीत येत नाही. आणि शाळेत जात नाही, म्हणून पटावरही येत नाही. जिभाऊ शाळेत गेला, कारण काकांनी त्याला चौथीपर्यंत खांद्यावर बसवून नेले. आमच्याच गल्लीत दोन मुली होत्या. त्या गेल्या नाहीत.

वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन बरीच वर्षे सांगत होते की सुटेसुटे डोस देऊन भारतात भागणार नाही. एकाच दिवशी सगळ्या मुलांना डोस द्या, म्हणजे विषाणूला राहायला आतडेच सापडणार नाही. नाडीच्या ठोक्यासारखे एकदम, म्हणून ‘पल्स’. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री असताना तो प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षी ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ या दोन दिवशी सगळ्या देशात. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालची मुले, पुढच्या वर्षापासून पाच वर्षांखालची.

तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून तो वेगळा निघाला. त्यामुळे पहिल्या फेऱ्यांचे आमचे आकडे धुळ्याच्या बेरजेत मिसळलेले आहेत, आणि त्या बेरजेत धुळे-शिरपूरच्या सपाटीवरची मुले आणि धडगावच्या डोंगरातली मुले एकाच रांगेत उभी दिसतात.

आमचा पहिला बूथ एसटी स्टँडबाहेर होता. जागा जिभाऊने दिली, कारण तिथे त्याचे एसटीडी-पीसीओचे खोके होते. त्या काळात असे बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. क्लबवाल्यांनी त्याच्या खोक्यापुढे टेबल टाकले, पिवळा फलक बांधला, टोप्या वाटल्या, बिस्किटाचे पुडे आणले. फोन करायला आलेला माणूस आधी आमच्या रांगेत अडकायचा. जिभाऊ खुर्चीत बसून ओरडायचा, ‘‘दोन बूथ आहेत भाऊ. ज्यांना व्हायचा आहे त्यांचा पुढे, ज्यांना होऊन गेला त्यांचा मागे!’’ बायका हसायच्या आणि त्याचा पाय पाहायच्या. आम्ही चार तास भाषण देऊन जे झाले नसते ते त्या पायाने होई. एका क्लबवाल्या डॉक्टरांच्या हे ध्यानात आले आणि पुढच्या फेरीला त्यांनी मुद्दाम बूथ तिथेच ठेवला. मला ते तेव्हा खटकले होते. जिभाऊला विचारले तर म्हणाला, ‘‘खटकतं कशाला? फुकटात जाहिरात चालली आहे, फोनही वाढलेत.’’

डोस दिला की डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायची, ही पद्धत पुढे आली. निवडणुकीसारखी. घरोघर जाण्याची मोहीम सुरू झाल्यावर दारावर खूण करायची: सगळी मुले झाली असतील तर ‘पी’, कुणी राहिले असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’चा ‘पी’ करणे हे पुढच्या दोन-चार दिवसांचे काम. सगळा कार्यक्रम या शाईवर आणि या खुणांवर उभा होता. आणि नेमके हेच आमच्या जिल्ह्यात चालेना.

याचे कारण इथल्या जगण्यातच होते. सातपुड्यातला पाडा हा देशावरच्या गावासारखा एका जागी नसतो. पावरा-भिलांची घरे आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर असतात. ‘पुढचे घर’ म्हणजे एक उतार आणि एक चढ. शहरात एक पथक दिवसाला शंभरएक घरे सहज उरकते. अक्राणीत तेच पथक सकाळी निघून संध्याकाळी वीस घरे करून परतले, तर त्याला कामचुकार म्हणता येत नाही. कुडाच्या भिंतीवर खडूची खूण टिकत नाही. सरदार सरोवराचे पाणी चढू लागल्यापासून अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांना जायला होडीवाचून मार्ग राहिला नाही. मणिबेली हे नाव महाराष्ट्राला धरणामुळे कळले. आरोग्य खात्याच्या नर्सबाईंना ते लसीच्या डब्यामुळेही ठाऊक आहे. नदीत पुढे तरंगते दवाखाने आले. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर बाळांची वजने करायला जात होती. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले ते योग्यच झाले. पण त्या काठावर असे जाणे त्या वर्षी पहिल्यांदा सुरू झाले असे कुणी समजू नये.

डोंगर निदान जागचे हलत नाहीत. माणसे हलतात. माझ्या मते आमच्या जिल्ह्यातल्या पोलिओची खरी गोष्ट इथे आहे.

पल्स पोलिओच्या फेऱ्या हिवाळ्यात ठेवल्या, यामागे शास्त्र होते. थंडीत या विषाणूचा फैलाव मंद असतो, तेव्हाच त्याला गाठायचे. लसही थंडीत टिकते. दिल्लीत बसून हा हिशोब बिनचूक होता. पण डिसेंबर-जानेवारीत नंदुरबारचे पाडे रिकामे असतात. दिवाळी झाली की नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याची कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत जातात. बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला. काही सौराष्ट्रात कापूस वेचायला, काही वीटभट्ट्यांवर. लेकरे बरोबर. आजी-आजोबा तेवढे घरी. पथक पाड्यावर जाऊन पाहते तर दाराला काटक्या लावलेल्या. मग खूण कोणती करायची? मूल राहिले म्हणून ‘एक्स’, की घरात मूलच नाही म्हणून ‘पी’? मी असे किती तरी ‘पी’ पाहिले आहेत. त्यात लबाडी नव्हती. आमच्या यादीत ते मूल नव्हते आणि सुरत जिल्ह्याच्या यादीत ते कधी चढलेच नव्हते, कारण उसाच्या फडाशेजारचा पडाव हे कुठल्याच गावाचे घर नसते. तो पंधरवड्यात दुसऱ्या शेतात गेलेला असतो.

उत्तर प्रदेश आणि बिहारचा पोलिओ का हटत नाही यावर देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत अफवा, धर्म, नकार यांना फार जागा मिळाली. आमच्याकडे नकार थोडा होता. एखादी बाई सुईच्या आठवणीने बिचकायची, पण हे थेंब आहेत, टोचायचे नाही, असे म्हटले की मूल पुढे करायची. मुलाने तोंड उघडायची तयारी होती. त्या तोंडापर्यंत पोहोचणारी यादी नव्हती.

पुढे राष्ट्रीय पातळीवर हे उमगले. स्थलांतरितांच्या वस्त्या, वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ, बांधकामे यांच्या स्वतंत्र याद्या झाल्या, रेल्वे स्थानकांवर आणि एसटी स्टँडवर फिरती पथके आली. नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक आहे. ताप्ती व्हॅलीची ही जुनी लाइन आमच्या माणसांना गुजरातेत नेते आणि आणते. फलाटावर सकाळच्या गाडीला उभे राहायचे, डब्यात चढायचे, लेकराची डावी करंगळी पाहायची, शाई नसेल तर दोन थेंब, आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरायचे. हे काम आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडे. एकदा दोघे उतरायचे राहिले आणि उधन्याहून संध्याकाळी परत आले. तोवर त्यांनी जवळची लस संपवलेली होती.

क्लब खरा उपयोगी पडला तो इथे. आरोग्य खाते जिल्ह्याच्या हद्दीत काम करते. जिल्हा संपला की अधिकार संपतो, पलीकडे राज्यही दुसरे. रोटरीला हद्दीचे बंधन नव्हते. सुरत, बारडोली, व्यारा या बाजूला व्यापारामुळे आमच्या मंडळींचे रोजचे फोन असत. कोणत्या फडावर कुठली टोळी उतरली आहे हे मुकादमाला ठाऊक असते, आणि मुकादमाला उचल दिलेली असते ती कुणी दिली हे बाजारपेठेत ठाऊक असते. ही माहिती कुठल्याही सरकारी कागदावर नसे. जिभाऊच्या एसटीडी बूथवरून एका मिरचीच्या व्यापाऱ्याने बारडोलीच्या ओळखीच्या माणसाला फोन लावून, ‘‘आपली माणसं मढीकडे आहेत, उद्या पोलिओवाल्यांना तिकडे वळव,’’ असे सांगितलेले मी ऐकले आहे. तो फोन क्लबच्या वार्षिक अहवालात नाही. अहवालात असतो टोपी घातलेल्या अध्यक्षांचा थेंब पाजतानाचा फोटो.

घरच्या मिरचीचेही तसेच. हंगामात नंदुरबारभोवती मोकळ्या रानात मिरची वाळत घातलेली असते, मैलभर लाल. त्या पथारींवर निवडायला बसलेल्या बायकांची लेकरे तिथेच खेळतात. पहिल्या फेऱ्यांत तिकडे कुणी गेलेच नव्हते. बायका मजुरी बुडवून बूथवर येणार नाहीत हे उघड होते. क्लबमधल्या दोघा-तिघांच्याच त्या पथारी होत्या. त्यांनी तासाभराची सुट्टी देऊ केली, आणि मग पथकच तिथे नेले. आपल्याच मजुरांची मुले आपण मोजत नव्हतो, असे त्यांच्यातले एकजण नंतर मला म्हणाले होते. सभेत मात्र त्यांनी तसे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट: बर्फ. लसीच्या डब्यात चारी बाजूंना गोठवलेले आइस पॅक लागतात. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन किती होते हे ग्रामीण वाचकांना सांगायला नको. प्राथमिक आरोग्य केंद्रातले फ्रीझर बारा-बारा तास बंद. मोहिमेच्या आदल्या रात्री शहरातल्या एका आइस्क्रीमवाल्याचे आणि एका बर्फ कारखान्याचे फ्रीझर आमच्या आइस पॅकनी भरलेले असत, आणि पहाटे चारला क्लबच्या कुणाची तरी जीप ते घेऊन शहाद्याकडे निघे. लसीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन काळा पडत जातो, गोलाइतका काळा झाला की बाटली टाकायची. ही साधी खूण आली आणि डोंगरात चालत जाणाऱ्या नर्सबाईच्या हाती निर्णय आला. तोवर तिने डब्यातली लस चांगली आहे की मेलेली, हे केवळ विश्वासावर धरायचे होते.

क्लबवर टीका झाली आणि तीही नोंदवली पाहिजे. थेंब पाजायला पुढारी आणि पदाधिकारी, दिवसभर उन्हात मात्र अंगणवाडीच्या बाई. पोलिओसाठी जीप मिळते, बाळंतिणीसाठी मिळत नाही. कुपोषणाने बालके दगावणारा जिल्हा म्हणून आमचे नाव राज्यभर गाजत असताना एका आजाराच्या दोन थेंबांसाठी इतकी यंत्रणा हलत होती, हे पाहून संताप येणे स्वाभाविक होते. मोलगीच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्याने आमच्या पथकाला विचारले होते, ‘‘दर महिन्याला याच दव्यासाठी येता. पोर हगवणीनं मेलं तेव्हा कुठं होतात?’’ त्याला आमच्यापैकी कुणी उत्तर दिले नाही. नर्सबाईंनी पिशवीतून ओआरएसची दोन पाकिटे काढून त्याच्या सुनेला दिली आणि मिसळायचे कसे ते दाखवले. रोटरीच्या ‘पोलिओप्लस’मधला ‘प्लस’ गोवर, धनुर्वात, घटसर्प यांच्या लसींसाठी होता. तो ‘प्लस’ मागे पडला, असे मला वाटते. फोटो थेंबांचा निघतो.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर या मोहिमेनेच पहिल्यांदा पाड्यांच्या याद्या केल्या. कुठल्या टेकडीवर किती घरे, किती मुले, कोण कुठल्या महिन्यात कुठे जाते, हे लिहून काढले. पुढे आशा आल्या, त्यांच्या वहीत या याद्यांचा पाया होता. मोहीम चालू असताना मी टीकाकारांच्या बाजूचा होतो. आज निम्मा आहे.

पोलिओ गेला हे सिद्ध करण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काही असो, ते कळवायचे. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि थंड डब्यातून मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात पाठवायचे. धडगावच्या पाड्यावरून निघालेला डबा खांद्यावर, मग जीपने, मग एसटीने किंवा रेल्वेने परळला पोहोचतो, ही कल्पनाच मला भारी वाटते. अशी लुळेपणाची प्रकरणे कळवली जाणे हेच यंत्रणा जागी असल्याचे लक्षण. ज्या जिल्ह्यातून वर्षभर एकही प्रकरण आले नाही, तिथे पोलिओ नाही असे कुणी म्हणत नाही. तिथे पाहणारे कुणी नाही असे म्हणतात.

आणि पाहत राहावे लागले. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२, पण त्यांतले पाच महाराष्ट्रातले, आणि त्यात आमच्यापासून काही तासांवरचे मालेगाव. ज्या वर्षी सगळे ‘आता संपलेच’ म्हणत होते, त्या वर्षी आमच्याकडे पुन्हा फलाटावर आणि पथारींवर पथके उभी राहिली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातल्या एका लहान मुलीला लुळेपणा आला. देशातली ती शेवटची. फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून भारताचे नाव काढले. त्या वेळी रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष होते वापीचे कल्याण बॅनर्जी. वापी म्हणजे आमच्या ऊसतोड्यांच्याच पट्ट्यातले गाव. आमच्या क्लबने त्या दिवशी पेढे वाटले. २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळाले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा आजार अजून आहे, म्हणून थेंब चालू आहेत. एप्रिल २०१६ पासून लसीतला दुसरा प्रकार काढला. पोलिओचे इंजेक्शनही आता नियमित लसीकरणात आहे. काकू असती तर तिला हे पटवणे कठीण गेले असते.

या साऱ्या इतिहासात एक तारीख कुणी मांडत नाही. देशव्यापी पल्स पोलिओची दुसरी फेरी २० जानेवारी १९९६ ची. अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा अमलात आला तो ७ फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे अठरा दिवसांनी. एका हिवाळ्यात देशाने दोन गोष्टी ठरवल्या: यापुढे कुणाला हा आजार होऊ द्यायचा नाही, आणि ज्यांना होऊन गेला त्यांना हक्क द्यायचे. पहिल्या कामाला जगभरचा पैसा मिळाला. एकट्या रोटरीने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक दिले. दुसऱ्या कामाला शिबिरे मिळाली. रोटरीने तीही घेतली: कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली, शस्त्रक्रिया. जिभाऊला दोन कॅलिपर अशाच शिबिरांतून मिळाले. पहिला जड होता, दुसरा वर्षभरात बूट फाटल्यामुळे पडून राहिला. मापे घेणारा माणूस शिबिरापुरता येतो, आणि कॅलिपर वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहावे लागते. मोबाइल आले, एसटीडीचे खोके गेले. तिथे त्याने झेरॉक्सचे यंत्र ठेवले आहे.

आता तो पंचावन्न ओलांडून गेला आहे. गेल्या काही वर्षांत त्याचा चांगला पायही थकू लागला. पोलिओ झालेल्यांना तीस-चाळीस वर्षांनी असे होते, उरलेले स्नायू दुप्पट ओझे वाहून झिजतात. नवे अपंगत्व कार्ड काढायचे म्हणून गेल्या वर्षी मी त्याला घेऊन तपासणीला गेलो. तपासणारा डॉक्टर पंचविशी-सव्विशीतला, म्हणजे पल्स पोलिओनंतर जन्मलेला. त्याने पाय हातात घेतला, मांडीचा घेर टेपने मोजला, दुसऱ्या मांडीचा मोजला आणि विचारले, ‘‘काका, अपघात कधी झाला?’’

जिभाऊ म्हणाला, ‘‘अपघात नाही, पोलिओ.’’

डॉक्टर थांबला. मग त्याने बाहेरच्या दोन शिकाऊ मुलींना हाक मारली आणि जिभाऊला विचारले, ‘‘यांना दाखवलं तर चालेल का? आम्ही कुणीच पाहिलेला नाही.’’ जिभाऊने लेंगा आणखी वर घेतला आणि सांगू लागला: ७१ सालचा पावसाळा, ताप, सायकलवरचा डॉक्टर, सुई. मुली वहीत लिहून घेत होत्या.